पिकअपवर ऑनबोर्ड एअर कॉम्प्रेसर कुठे बसवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इसुझू व्ही-क्रॉस २०१६ मध्ये भारतात आली आणि टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये. तेव्हापासून पिकअप हौसेने घेऊन लडाख, स्पिती किंवा राजस्थानच्या वाळूत जाणारे वाढले आणि त्यांच्याबरोबर हे प्रश्नही. वाळूत टायरची हवा कमी करावी लागते आणि ती पुन्हा भरायला कॉम्प्रेसर लागतो. बहुतेकांचा कॉम्प्रेसर विकत घेऊन झालेला असतो, पण तो बसवायचा कुठे इथे गाडी अडते. सतत येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. एखाद्या मुद्द्याचं सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑनबोर्ड कॉम्प्रेसर म्हणजे काय? पिशवीतला पोर्टेबल का पुरत नाही?

गाडीला कायमचा पक्का बसवलेला, गाडीच्याच बॅटरीवर चालणारा, स्वतःचा फ्यूज, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि स्विच असलेला कॉम्प्रेसर म्हणजे ऑनबोर्ड. स्विच दाबा, पाइप जोडा, हवा भरा, एवढंच काम. वर्षातून एक-दोनदाच टायरची हवा कमी करणार असाल तर बॅटरीला चिमटे लावून चालणारा चांगला पोर्टेबल पुरतो आणि जागेचा प्रश्नच मिटतो. दर सहलीत वाळूत उतरणार असाल, डिफरन्शियलला एअर लॉकर (हवेच्या दाबाने दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक) असेल किंवा मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आधार म्हणून हवेच्या पिशव्या लावल्या असतील, तर मात्र ऑनबोर्डच घ्या.

२. जागा ठरवताना सगळ्यात आधी काय बघायचं?

तीन गोष्टी, याच क्रमाने: उष्णता, पाणी आणि बॅटरीपासूनचं अंतर. मोकळी जागा किती, हा प्रश्न त्यानंतरचा. गॅरेजमध्ये नेमकं उलटं होतं. बॉनेट उघडायचं, पोकळी दिसली की तिथे प्लेट ठोकायची. पोकळी बहुतेक वेळा कशासाठी तरी सोडलेली असते: इंजिन हलतं, हवा खेळावी लागते, मेकॅनिकचा हात जावा लागतो.

चौथी गोष्ट म्हणजे तुमचा हात. फिल्टर काढता आला पाहिजे, फ्यूज बदलता आला पाहिजे, पाइप जोडताना जमिनीवर लोळावं लागू नये.

३. एकूण जागा किती, आणि तुमची पसंती कोणती?

चार: बॉनेटखाली, मागच्या सीटखाली किंवा सीटच्या पाठीमागे, हौद्यात पेटीमध्ये आणि हौद्याखाली चासीला.

डबल कॅबसाठी (मागे दुसरी सीट असलेल्या पिकअपसाठी) माझी पहिली पसंती बॉनेटखालची थंड बाजू. ती मिळत नसेल तर मागची सीट. हौद्यात आधीच पक्की टूलबॉक्स असेल तर तिसरा क्रमांक तिचा. चासीखालची जागा मी शेवटी ठेवतो. कारणं ४ ते ८ या प्रश्नांत आहेत.

४. बॉनेटखाली एवढी उष्णता असते. कॉम्प्रेसर जळणार नाही का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि भीती अर्धी खरी आहे.

आधी काम कधी होतं ते बघा. टायर भरताना गाडी उभी असते आणि बॉनेट उघडं असतं. त्या वेळी तिथली गरम हवा वर निघून जाते. धोका असतो तो बंद बॉनेटखाली तासन् तास तापत राहण्याचा. घाट चढून आल्या आल्या बॉनेट उघडून लगेच कॉम्प्रेसर लावला, तर तो सुरुवातीलाच तापलेला असतो. पाच-दहा मिनिटं बॉनेट उघडं ठेवा, मग स्विच दाबा.

दुसरी गोष्ट ड्यूटी सायकलची. ५० टक्के म्हणजे जेवढा वेळ चालला तेवढाच वेळ विश्रांती. कंपन्या हे आकडे साधारण २२ ते ३० अंशांच्या हवेत काढतात. विदर्भात मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात, त्यामुळे कागदावरचा आकडा तिथे मिळणार नाही. दोन टायर भरून थांबा, मग उरलेले दोन भरा. चांगल्या कॉम्प्रेसरला थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर मोटर बंद करणारा स्विच असतो. तो पडला तर मोटर निवेपर्यंत थांबायचं, कटआउट बायपास करायचा नाही.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर मोजा. तापमान दाखवणारा मल्टिमीटर घ्या आणि त्याच्या वायरचं टोक ठरवलेल्या जागी टेपने चिकटवा. वायर पत्र्याला किंवा फिरणाऱ्या भागाला लागत नाही ना, ते बघून ती आत घ्या. मग भर दुपारी एसी लावून एक घाट चढा आणि वर जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून उभे राहा. काही नामवंत कॉम्प्रेसरची वरची मर्यादा ७० अंशांच्या आसपास दिलेली असते. तुमच्या पुस्तिकेतला आकडा बघा. मीटरवरचा आकडा त्याच्या जवळ गेला तर ती जागा सोडा.

५. बॉनेटखाली नेमकं कुठे?

टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचे सगळ्यात तापणारे भाग) ज्या बाजूला, त्याच्या समोरची बाजू. बॅटरी तिथेच असेल तर उत्तमच. रेडिएटरच्या पंख्यामागे सरळ रेषेत नको, कारण तिथे रेडिएटरमधून आलेली गरम हवा येते. ब्रेकचा बूस्टर, एबीएसचं युनिट आणि त्याचे धातूचे पाइप यांना प्लेट टेकता कामा नये. ब्रेक ऑइल, कूलंट आणि वॉशरच्या पाण्याची झाकणं उघडता आली पाहिजेत.

बॉनेट लागतं का, हे वरून बघून कळत नाही. लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा कॉम्प्रेसरच्या सर्वांत उंच भागावर ठेवा, बॉनेट सावकाश बंद करा, पुन्हा उघडा. गोळा चेपून जेवढ्या जाडीचा उरला तेवढं अंतर. ते १५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मी तिथे बसवणार नाही. खडबडीत रस्त्यावर बॉनेटचा पत्राही हलतो.

इंजिनच्या ब्लॉकवर काहीही बसवू नका. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर डोलतं, तर पाइप आणि वायरचं दुसरं टोक बॉडीला बांधलेलं असतं. काही महिन्यांत एक तरी जोड सुटतो.

६. मागच्या सीटखाली बसवला तर?

पावसाळ्याचा विचार करता ही जागा फार चांगली. कोरडी, धूळ कमी, चोरी जवळपास अशक्य. अडचणी तीन.

पहिली हवेची. चारी बाजूंनी गालिचा आणि फोम असेल तर उष्णता कोंडते. टायर भरताना सीट उचलून आणि दार उघडून ठेवायचं, हा नियमच करा.

दुसरी वायरची. बॅटरीपर्यंतचं अंतर चार-पाच मीटर होतं. हिशेब १० व्या प्रश्नात आहे.

तिसरी सुरक्षेची. सीटखालून एअरबॅग आणि सीटबेल्टच्या वायरी जात असतील तर त्यांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. त्या वायरींना हात लावू नका आणि त्यांच्यावर प्लेट बसवू नका. तळाच्या पत्र्याला भोक पाडायच्या आधी गाडीखाली जाऊन बघा. पलीकडे डिझेलची किंवा ब्रेकची लाइन असू शकते.

बऱ्याच गाड्यांचा जॅक आणि पान्हेही इथेच असतात. कॉम्प्रेसरमुळे जॅक निघत नसेल तर पंक्चरच्या दिवशी त्या कॉम्प्रेसरचा काही उपयोग नाही.

७. हौद्यात ठेवला तर काय बिघडतं?

उघड्या हौद्यात नको. ऊन, पाऊस, सामानाचे धक्के आणि चोर, चौघेही तिथे येतात. झाकणाची, रबरी सील असलेली पक्की पेटी असेल तर चालेल. मात्र कॉम्प्रेसर चालवताना झाकण उघडं ठेवा.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. पिकअपची कॅबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात. खाचखळग्यांत दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध हलतात. कॅबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीकडे बघत कुणाला तरी गाडी खड्ड्यातून सावकाश काढायला सांगा, म्हणजे दिसेल. तिथून जाणाऱ्या वायरला आणि पाइपला हाताच्या पंज्याएवढा ढील द्या, वर नळी चढवा आणि पत्र्याच्या कडेला रबरी ग्रोमेट लावा. ताणून बांधलेली वायर तिथे घासून पत्र्याला लागते, आणि ती थेट बॅटरीवरून आलेली असते.

८. चासीखाली भरपूर जागा दिसते. तिथे का नको?

कारण ती जागा पाण्याची, चिखलाची आणि दगडांची आहे. हायलक्सची पाण्यातून जायची क्षमता कंपनी ७०० मिलिमीटर सांगते, आणि चासीचा रूळ (गाडीखालची लांब लोखंडी तुळई) त्याच्या बराच खाली असतो. म्हणजे गाडी आरामात पार होईल अशा ओढ्यातही कॉम्प्रेसर बुडतो. शिवाय तो गरम असताना गार पाण्यात गेला तर आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं.

कोकणात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघीसारख्या फेरीच्या रॅम्पवर चाकांनी उडवलेलं खारं पाणी नेमकं इथेच बसतं. ॲल्युमिनियमचा हेड आणि लोखंडी बोल्ट एकत्र आले की खाऱ्या पाण्यात पांढरी भुकटी धरते, आणि मग बोल्ट तुटल्याशिवाय निघत नाही.

आणखी दोन धोके. बीएस-६ डिझेल गाड्यांचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. त्या पाइपाशेजारी काहीही नको. दुसरं, भरलेल्या गाडीचा मागचा ॲक्सल धक्क्यात रबरी स्टॉपपर्यंत वर येतो. उभ्या रिकाम्या गाडीत दिसणारी जागा तेव्हा उरत नाही.

तरीही दुसरा पर्यायच नसेल तर रुळाच्या आतल्या बाजूला, शक्य तितकं वर, ॲक्सलच्या पुढे आणि एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला बसवा. खालून जाड पत्र्याचं कवच द्या, पण कवचाला पाणी निघायला भोकं ठेवा. फिल्टर मात्र वर न्या (प्रश्न १२).

९. खोक्यावर आयपी ६७ लिहिलंय. मग कुठेही चालेल ना?

हा आकडा धूळ आणि पाण्याबद्दल बोलतो, उष्णतेबद्दल काहीच सांगत नाही. ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण स्थिर आणि स्वच्छ पाण्यात. प्रेशर वॉशरची धार ही वेगळी गोष्ट. शिवाय बऱ्याचदा हा आकडा फक्त मोटरचा असतो. कॉम्प्रेसर हवा ओढतो ते तोंड उघडंच असतं, नाहीतर तो हवा घेणार कुठून?

१०. लांब बसवला तर वायर किती जाड घ्यावी?

हिशेब करून दाखवतो. एक सिलिंडरचा चांगला कॉम्प्रेसर साधारण ३० अँपिअर घेतो, असं धरा. बॅटरीपासून ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. ४ स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीत जवळपास १.३ व्होल्ट वाटेतच जातात. ६ स्क्वेअरमध्ये साधारण ०.८६, १० स्क्वेअरमध्ये ०.५ आणि १६ स्क्वेअरमध्ये ०.३ व्होल्ट. बॉनेटखाली एक मीटरवर बसवला तर ६ स्क्वेअरमध्येही ०.२ व्होल्टच्या आत काम होतं.

अर्धा व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. त्यापुढे मोटर हळू फिरते, तेवढीच हवा भरायला जास्त वेळ घेते आणि जास्त वेळ चालल्यामुळे जास्त तापते. म्हणून मागच्या सीटसाठी १० स्क्वेअर आणि हौद्यासाठी १६. दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर ५० अँपिअरच्या वर घेतो, त्याला हिशेब पुन्हा मांडा.

कार ऑडिओच्या दुकानात मिळणारी स्वस्त जाड वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर परत करा.

११. फ्यूज आणि अर्थ कुठे?

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. कॉम्प्रेसरजवळ लावलेला फ्यूज मधल्या पाच मीटर वायरीचं रक्षण करत नाही, आणि गाडीला आग लागते ती तिथे. आकडा पुस्तिकेप्रमाणे, एक सिलिंडरला बहुधा ४० अँपिअर. डॅशबोर्डच्या स्विचमधून फक्त रिलेचा प्रवाह जाऊ द्या, आणि रिले इग्निशनवर चालेल असा जोडा. म्हणजे चावी काढली की कॉम्प्रेसर बंद.

लांबच्या जागेसाठी अर्थची वायरही तेवढ्याच जाडीची, थेट बॅटरीपर्यंत नेलेली बरी. जवळच्या बोल्टला बांधायची असेल तर रंग खरवडून, लग नीट क्रिंप करून, वर ग्रीस लावून. हौद्याच्या पत्र्याला अर्थ घेऊ नका. गाडीच्या निगेटिव्हला बॅटरी सेन्सर असेल तर अर्थ सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला घ्या.

हवा भरताना इंजिन चालू ठेवा.

१२. कॉम्प्रेसर एका जागी आणि फिल्टर दुसरीकडे, असं करता येतं का?

येतं, आणि शक्य तिथे करावंच. बऱ्याच कॉम्प्रेसरना त्यासाठी लांब नळीचा किट मिळतो. फिल्टर उंच, कोरड्या आणि थंड जागी, तोंड खाली किंवा बाजूला करून लावा. सीटखालच्या कॉम्प्रेसरला याची गरज नाही. चासीखालच्याचा फिल्टर मी कॅबिनमध्ये किंवा बंद पेटीत घेईन. गाडीच्या स्नॉर्केलच्या (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणाऱ्या) पाइपाला भोक पाडून तिथून हवा घेऊ नका. भोकाचं सील सुटलं तर धूळ इंजिनात जाते.

१३. हवेचा पाइप कसला?

कॉम्प्रेसरच्या हेडमधून निघणारी हवा फार गरम असते. हेडला हात लावला तर भाजतं. म्हणून पहिला हात-दीड हात पाइप स्टीलची जाळी असलेला टेफ्लॉनचा. त्यापुढे साधा चालेल. सगळा पाइप नायलॉनचा लावला तर तो हेडजवळ मऊ पडून सुटतो, आणि तेही टायर भरत असताना.

क्विक कपलर (पाइप झटकन जोडायचं तोंड) कुठे ठेवता याला महत्त्व आहे. बॉनेटखाली असेल तर मागच्या चाकापर्यंत सहा-सात मीटरचा पाइप लागतो. मागच्या बंपरजवळ दुसरा कपलर काढला तर काम सोपं होतं. त्याला रबरी टोपी घाला, नाहीतर चिखल भरतो.

१४. हवेची टाकी लागतेच का?

फक्त टायर भरायचे असतील तर नाही. २६५/६५ आर १७ मापाचा टायर १८ वरून ३५ पीएसआयवर आणायला ढोबळमानाने ७० लिटर मोकळी हवा लागते. चार लिटरच्या टाकीत १५० पीएसआयला ४०-४५ लिटर मावते, म्हणजे एका टायरलाही पुरत नाही. न्यूमॅटिक पान्हा चालवायचा असेल किंवा फुंकून धूळ काढायची असेल तर टाकीचा उपयोग आहे.

टाकी घेतलीत तर सर्वांत खालच्या टोकाला निचऱ्याचा कॉक हवाच. पावसाळ्यात हवेत दमटपणा एवढा असतो की कॉक उघडला की आधी करडं पाणी उडतं. सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही काढू नका.

१५. चासीला ड्रिल किंवा वेल्डिंग केलं तर चालतं का?

नाही. रुळाची ताकद त्याच्या कडांमध्ये असते. तिथे भोक पाडलं किंवा वेल्डिंगची उष्णता दिली तर तडा तिथूनच सुरू होतो. कारखान्याने दिलेली भोकं वापरा किंवा रुळाभोवती क्लॅम्प करा. बॉनेटखालीही आधी मोकळे वेल्ड-नट शोधा. प्लेट ३ ते ४ मिलिमीटर लोखंडाची, कडा वळवलेली. पातळ पत्र्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू टिकत नाहीत. वेल्डिंग करायचंच असेल तर प्लेट गाडीतून काढून टेबलावर करा.

१६. आवाज आणि थरथर फार येते. उपाय?

बहुतेक वेळा दोष पातळ प्लेटचा असतो. आधी प्लेट जाड करा किंवा तिला तिसरा आधार द्या, मग रबरी बुश लावा. नट नायलॉकचे, आणि पहिल्या महिन्यानंतर एकदा पान्हा फिरवून बघायचे. सीटखाली बसवलेल्याचा आवाज कॅबिनमध्ये येणारच.

१७. आरटीओ आणि वॉरंटीचं काय?

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ चा रोख आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत होणाऱ्या बदलांवर आहे. बॉनेटखालच्या कॉम्प्रेसरने ते तपशील बदलत नाहीत. पण कॉम्प्रेसर आणि टाकीसाठी मागची सीट काढून टाकली तर आसनसंख्या बदलते, ते करू नका. टाकी आली की अनेकांना सुरांचा प्रेशर हॉर्न लावावासा वाटतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११९ व्या नियमाने अशा हॉर्नला मनाई आहे.

वॉरंटीचा वाद होतो तो वायरिंगवरून. कंपनीच्या हार्नेसमधली एकही वायर कापू नका. सगळं थेट बॅटरीवरून, वेगळ्या फ्यूजवर घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा आणि बिल जपा.

१८. एअर लॉकर आहे. मग जागेचं गणित बदलतं का?

हो. लॉकरला हवा अगदी थोडी लागते, पण ती गाडी चालत असताना, बॉनेट बंद असताना, इंजिन तापलेलं असताना लागते. म्हणजे ४ थ्या प्रश्नातला दिलासा इथे मिळत नाही, आणि तापमान मोजणं सक्तीचं होतं. सोलेनॉइड (लॉकरची हवा सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) कॉम्प्रेसरजवळ ठेवा. तिथून ॲक्सलपर्यंत जाणारी बारीक नळी एक्झॉस्टपासून लांबून न्या आणि ॲक्सलच्या पूर्ण हालचालीएवढा ढील ठेवा. प्रेशर स्विच लॉकरच्या पुस्तिकेतल्या आकड्याचाच हवा.

१९. हौद्यात दुसरी लिथियम बॅटरी आहे. कॉम्प्रेसर तिथेच जोडू का?

वायर आखूड होते, म्हणून विचार चांगला आहे. आधी त्या बॅटरीच्या बीएमएसची (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटची) सलग प्रवाहाची मर्यादा बघा. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह ओढते, आणि कमी मर्यादेचा बीएमएस तेवढ्यात वीज तोडतो. ३० अँपिअरच्या कॉम्प्रेसरसाठी १०० अँपिअरचा बीएमएस असेल तर मी निश्चिंत राहीन. वायर आणि फ्यूजचे नियम तेच, फक्त वीतभर अंतर आता या बॅटरीपासून मोजायचं.

२०. माझी सिंगल कॅब बोलेरो पिकअप आहे. फिरतं पंक्चरचं दुकान चालवायचंय. हेच कॉम्प्रेसर चालतील?

कार आणि ट्रॅक्टरच्या टायरसाठी अडीअडचणीला चालतील, दिवसभराच्या धंद्याला नाही. ट्रकच्या टायरला १०० पीएसआयच्या वर हवा लागते आणि टायरही मोठा. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर तिथे तापून सारखा बंद पडेल. या कामाला पेट्रोल इंजिनवर पट्ट्याने चालणारा, टाकीसकट येणारा कॉम्प्रेसर घ्या आणि तो हौद्यात कॅबिनच्या भिंतीलगत, मधोमध बसवा, म्हणजे वजन मागच्या ॲक्सलच्या पुढे राहतं. बूड हौद्याच्या आडव्या पट्ट्यांवर बोल्टने आवळा. नुसत्या पत्र्यावर उभा करून दोरीने बांधलेला कॉम्प्रेसर अचानक ब्रेक लागल्यावर कॅबिनच्या काचेवर येतो. सायलेन्सरचं तोंड कॅबिनच्या खिडकीपासून लांब, मागे काढा, आणि कॉम्प्रेसर चालवताना हौदा वरून ताडपत्रीने झाकलेला नको.